काठिण्याचे स्मरणरंजन

१

सतराव्या शतकात शहाजीराजांचे वास्तव्य बेंगळुरास असताना त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये नावाचा बहुभाषी कवी आला. त्याने रचिलेला ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला, तेव्हा वाचकांचे लक्ष मुख्यत्वे त्यातील ऐतिहासिक माहितीकडे गेले, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यातील दुसरी एक गोष्ट अधिक विचारप्रवृत्त करणारी वाटेल. दरबारातील मंडळी कवीपुढे निरनिराळ्या भाषांत समस्या टाकतात. म्हणजे पद्याचा एखादा तुकडा पुढे करून त्याला जुळेल असे पद्य त्याने तेथल्या तेथे रचावे अशी अपेक्षा धरतात. येथे अडचण काढून घेतली तर पद्य अधिक चांगले होईल असे म्हणता येत नाही, कारण मग पद्य उरतच नाही. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण कटाक्षाने टाळून ‘निरोष्ठ रामायण’ लिहिले, त्यामागेही हीच वृत्ती होती. आपल्या आधुनिक समीक्षेने अशा रचनेची ‘शब्दांची कसरत’ म्हणून बोळवण केली. प्रतिभेला बंधन जाचते, ही तिची धारणा; तेव्हा आपण होऊन बंधन मागणारा कवी तिला कृत्रिम वाटावा यात नवल नाही.

हा जुना प्रश्न आज अगदी अनपेक्षित बाजूने पुन्हा पुढे आला आहे. संगणकावर हजारो माणसे एकाच वेळी एका कल्पित जगात वावरतात, प्रत्येक जण एकेक पात्र धारण करतो आणि ते पात्र महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे वाढवितो, असा एक खेळाचा प्रकार गेल्या पाव शतकात सर्वत्र पसरला आहे. या खेळांच्या जुन्या खेळाडूंमध्ये एक तक्रार सतत ऐकू येते : खेळ पूर्वी अवघड होता, आता सोपा झाला, आणि सोपा झाल्यापासून आपल्या पात्राविषयी पूर्वीची माया वाटत नाही. या तक्रारीची दोन अंगे आहेत, काठिण्याविषयीची ओढ आणि पात्राविषयीचा लोभ. ही दोन्ही अंगे एकमेकांशी कशी बांधलेली आहेत, आणि समीक्षेला त्यापासून काही शिकण्यासारखे आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बेंगळूरचे नाव आरंभी घेतले ते केवळ योगायोगासाठी नव्हे. राजेश राव यांनी १९९० च्या दशकात येथे ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था उभारली. ती भारतातील संगणकीय खेळांच्या आद्य निर्मात्यांपैकी एक होय. २०१९ साली ‘रॉकस्टार गेम्स’ या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली. परदेशी खेळांतील वृक्ष, वाहने, शस्त्रे यांची चित्रे या शहरातील कलावंतांनी वर्षानुवर्षे घडविली. त्याच शहरात नोकरीनिमित्त आलेला मराठी तरुणही पुष्कळ आहे. तेव्हा या कल्पित जगांचा कारागीर आणि त्यांचा रहिवासी हे दोघेही येथे एकत्र सापडतात. समीक्षक मात्र अजून तेथे पोचलेला नाही.

२

वाचकांपैकी अनेकांना या खेळांचा प्रत्यक्ष परिचय नसेल असे धरून त्यांची घडण थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, फासे आणि संभाषण यांवर चालणारा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात आणि कृती सांगतात. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी अशाच जगाची संगणकावर केवळ शब्दांनी उभारणी केली. पुढे १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ साली ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ च्या नोव्हेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे सचित्र खेळ आले. यांतील शेवटच्या खेळाचे वर्गणीदार २०१० साली एक कोटी वीस लाखांपर्यंत पोचले होते.

मराठी वाचकाला ही घडण वाटते तितकी परकी नाही. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. त्या नाटकात सूत्रधार कथाभाग पद्यांतून गाई आणि नट आपली भाषणे आयत्या वेळी स्वतःच रचीत. कोकणातील दशावतारात आजही लिखित संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरलेला, पात्र ठरलेले, आणि संवाद मात्र त्या रात्रीचा. पात्राची चौकट दुसऱ्याने द्यावी आणि तिच्यात प्राण ज्याचा त्याने भरावा, ही रीत आपल्या परिसरात जुनी आहे. आपण तिला ‘सोंग’ म्हणतो. भूमिका वठविणे आणि सोंग घेणे या दोन वाक्प्रचारांतला भेद लक्षात घेण्याजोगा आहे. भूमिका नाटककाराने लिहिलेली असते. सोंग घेणाऱ्याला ते शेवटपर्यंत निभवावे लागते. ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’ या म्हणीतही सोंगाला कुठेतरी वास्तवाची कसोटी लागते हेच सुचविले आहे.

ही कसोटी जुन्या खेळांत कशी लागत असे ते पाहू. ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये पात्र मेले की त्याने कमावलेल्या अनुभवाचा काही अंश नष्ट होई, आणि त्याची सारी चीजवस्तू मृतदेहापाशी पडून राही, ती परत मिळविण्यासाठी त्याच धोक्याच्या जागी निःशस्त्र जावे लागे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ त्या मानाने सौम्य होता. तरी त्याच्या आरंभीच्या काळात साठ पातळ्यांपैकी चाळीस पातळ्या पार पडेपर्यंत पात्राला घोडा मिळत नसे. तोवर सगळा प्रवास पायी. कोणते कार्य कोठे करावयाचे याची खूण नकाशावर नसे. दिलेले वर्णन वाचून जागा शोधावी लागे. सर्वांत मोठ्या मोहिमांना चाळीस माणसे एकत्र जमवावी लागत. भारतात या खेळाचा स्वतंत्र सर्व्हर नसल्याने येथील खेळाडूला परदेशातील सर्व्हरवर जावे लागे. युरोपातले खेळगडी रात्री आठला जमले, तर हिवाळ्यात बेंगळुरास साडेबारा वाजलेले असत. आणि इतक्या अंतरावरून हुकूम पोचण्यास जो क्षणाचा विलंब लागे तेवढ्यात पात्राचा जीव जाऊ शके. काठिण्य असे खेळाच्या नियमांतही होते आणि नियमांबाहेरही होते.

३

पुढे खेळ सोपा होत गेला. २००९ च्या डिसेंबरात अशी सोय झाली की एक कळ दाबली असता यंत्रच अनोळखी साथीदार निवडून देई व सर्वांना इष्ट स्थळी पोचवी. कार्यस्थळांच्या खुणाही नकाशावर उमटू लागल्या. २०१० च्या डिसेंबरात तर जुन्या भूप्रदेशाचाच कायापालट करण्यात आला. ज्या रानांत व गावांत खेळाडू वाढले होते ती पूर्वीच्या रूपात कोठेच उरली नाहीत. जुने जग परत द्या, अशी मागणी होऊ लागली. २०१३ साली कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात एका खेळाडूने ती जाहीरपणे मांडली, तेव्हा ‘तुम्हांला ते हवे आहे असे तुम्हांला वाटते, पण खरोखर नको आहे’ या आशयाचे उत्तर एका वरिष्ठ अधिकाऱ्याने दिले. ते उत्तर पुढे फार गाजले.

खेळाडूंनी आपल्या हाताने उत्तर दिले. २०१५ साली ‘नोस्टॅल्रियस’ नावाचा एक विनापरवाना सर्व्हर सुरू झाला व त्यावर जुना खेळ जसाच्या तसा चालू लागला. कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर २०१६ च्या एप्रिलमध्ये तो बंद पडला. पाठोपाठ दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज कंपनीकडे गेला. २०१७ साली कंपनीने माघार घेतली आणि २०१९ च्या ऑगस्टअखेर जुना खेळ ‘क्लासिक’ या नावाने अधिकृतपणे पुन्हा उघडला.

यानंतर जे घडले ते आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मूळ खेळात चाळीस जणांच्या ज्या मोहिमेतील अंतिम शत्रूला जिंकावयास जगातील सर्वांत कुशल खेळाडूंना सुमारे पाच महिने लागले होते, तो शत्रू २०१९ साली पहिल्या आठवड्यातच पडला. नियम बहुतांशी तेच, शत्रू तोच. पण काठिण्य नाहीसे झालेले. त्या अधिकाऱ्याचे म्हणणे खरे ठरले असे येथे कोणी म्हणेल. परंतु गोष्ट येथेच संपत नाही. शत्रू सोपा झाला असे आढळल्यावर काही खेळाडूंनी स्वतःवरच एक जादा नियम घालून घेतला : पात्र एकदा मेले की ते कायमचे मेले, ते पुन्हा खेळावयाचे नाही. ही प्रथा इतकी रुजली की २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंपनीलाच त्यासाठी वेगळे अधिकृत सर्व्हर उघडावे लागले.

४

या घटनाक्रमाचा उलगडा दोन प्रकारे करता येतो. पहिला उलगडा मानसशास्त्रीय. १६८८ साली योहानेस होफर या वैद्याने परमुलखात असलेल्या स्विस लोकांच्या घराच्या ओढीला रोग कल्पून तिला ‘नॉस्टॅल्जिया’ असे नाव दिले. तेव्हापासून ही भावना दुखण्याच्या सदरात मोडत आली आहे. या मताप्रमाणे खेळाडूंना जुना खेळ नको आहे, विशीतले आपले वय हवे आहे. वसतिगृहातील मित्र, जबाबदारी नसलेल्या रात्री, नव्या शहरातील पहिले वर्ष यांचा रंग खेळावर चढलेला असतो. संगीत नाटके रात्रभर चालत त्या काळाविषयी आपले वडीलधारे बोलत, तेव्हा त्यांतील किती भाग नाटकाचा आणि किती तारुण्याचा, हे कोण सांगणार? ‘स्मरणरंजन’ हा मराठी शब्दच मोठा मार्मिक आहे. रंजन म्हणजे सुखविणे आणि रंजन म्हणजे रंगविणेही.

या उलगड्यात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. तो पूर्ण असता तर जुना खेळ परत मिळाल्यावर, आणि विशी परत मिळाली नाही हे कळल्यावर, मंडळी निराश होऊन निघून गेली असती. पुष्कळ गेलीही. परंतु जे राहिले त्यांनी अधिक कठोर नियम मागितला. जो नियम त्यांच्या तारुण्यात सर्रास नव्हता तो त्यांनी नव्याने आणला. केवळ स्मरणाच्या मोहात पडलेला माणूस असे करीत नाही. गतकाळाच्या ओढीचे एक रूप जुने घर जसेच्या तसे बांधू पाहते व दुसरे हरवलेपणाचेच चिंतन करते, असा भेद स्वेतलाना बॉइम यांनी २००१ साली आपल्या ग्रंथात केला. येथे तिसरेच रूप दिसते : जुन्या घरात नेमके कशामुळे घरपण होते ते शोधून काढणे, आणि घर बदलले तरी तेवढे राखणे.

ते ‘नेमके’ काय? बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली खेळाची मीमांसा करताना असे दाखविले की, सोपा मार्ग हाताशी असताना अवघड मार्ग स्वेच्छेने पत्करणे हे खेळाचे मर्म होय. हे मान्य केले तरी काठिण्याचे प्रकार वेगळे करावे लागतात. एक काठिण्य शत्रूचे. ते ज्ञानाने सरते, आणि २०१९ साली ते तसेच सरले. दुसरे परावलंबनाचे. चाळीस माणसे जमवावयाची तर आपला शब्द पाळणारा म्हणून लौकिक असावा लागे. यंत्र साथीदार देऊ लागले तेव्हा त्या लौकिकाची गरज संपली. मार्ग सुकर झाला आणि शेजार नाहीसा झाला. तिसरे काठिण्य अपरिवर्तनीयतेचे : झाले ते पुसता येत नाही. पहिले काठिण्य परत मिळण्यासारखे नव्हते. दुसरे काही अंशी मिळाले. तिसरे खेळाडूंनी स्वतः निर्माण केले. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर संवाद, विरोध आणि समतोल या लयींपैकी विरोध काढून घेतला की समतोलालाही अर्थ राहत नाही. जेथे तोलावयाचे काही नाही तेथे तोल कसला?

५

आता पात्राविषयीच्या लोभाकडे वळू. १९२१ च्या बडोदे साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी वाङ्मयानंदाची ‘सविकल्प समाधी’ ही उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपण वाचक आहो हे भानही सोडीत नाही; या दुहेरी अवस्थेत आनंद आहे, असा तिचा सारांश. तिच्यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. परंतु प्रस्तुत खेळांना ती जितकी लागू पडते तितकी कदाचित कादंबरीलाही पडत नसेल. खेळाडू ‘मी मेलो’ म्हणतो आणि त्याच क्षणी चहाचा पेला उचलतो. ‘मी’ हा शब्द तो खोटेपणाने वापरीत नाही. आणि चहाही खराच असतो.

तथापि एक फरक आहे, आणि तो मूलगामी आहे. कादंबरीतील नायकाचे दैव लेखकाने आधीच ठरविलेले असते. वाचकाचे तादात्म्य त्याला वाचवू शकत नाही. खेळातील पात्राचे दैव खेळाडूच्या हातात असते, म्हणून त्याच्या अपयशात खेळाडूचा वाटा असतो. जेस्पर यूल यांनी २०१३ साली या अपयशाचेच कोडे पुढे मांडले : अपयश कोणालाच आवडत नाही, तरी अपयश हमखास येणारे खेळ आपण शोधीत जातो. करुणरसाच्या आनंदाविषयी आपल्या मीमांसकांनी जे कोडे सोडविले त्याचे हे भावंड म्हणता येईल. साधारणीकरणाने शोक व्यक्तिगत राहत नाही, म्हणून तो आस्वाद्य होतो, असे आपण म्हणतो. येथे मात्र शोक थोडा व्यक्तिगत राहतोच.

म्हणून पात्राविषयीची माया ही त्याच्या रूपाविषयीची नसते. रूप तर यादीतून निवडलेले असते आणि तेच रूप आणखी हजारांचे असते. माया असते ती त्या रूपावर साचलेल्या कृत्यांची : कोणत्या रात्री कोणासाठी थांबलो, कोणते शस्त्र किती दिवसांनी मिळाले, कोठे पळून गेलो. पात्र हे कृत्यांचे संचित आहे. कृत्ये सोपी झाली, पुसता येण्याजोगी झाली, की संचित हलके होते आणि मायाही हलकी होते. खेळाडूंच्या तक्रारीची दोन अंगे येथे एकत्र मिळतात.

या पात्राला जगभर ‘अवतार’ म्हणतात, ही गोष्ट आपल्या नजरेतून सुटू नये. १९८५ सालचा ‘अल्टिमा’ मालिकेतील चौथा खेळ आणि त्याच सुमाराचा ‘हॅबिटॅट’ यांच्यापासून हा शब्द संगणकीय जगात रूढ झाला. वापरणाऱ्यांना त्याचा अर्थ केवळ ‘धारण केलेले रूप’ एवढाच अभिप्रेत असेल. पण आपल्या परंपरेत अवतार म्हणजे उतरणे, आणि उतरणे म्हणजे मर्यादा पत्करणे. राम सीतेसाठी वनात विलाप करतो, कृष्ण व्याधाच्या बाणाने देह ठेवतो. सर्वज्ञाने अज्ञान आणि अमराने मरण स्वीकारले, म्हणूनच त्या कथा आपल्या जिव्हाळ्याच्या झाल्या. ज्याला काहीच अवघड नाही असा राम आपल्या कामाचा नाही. आपले पात्र मर्त्य असावे असा हट्ट धरणारा खेळाडू नकळत या शब्दाच्या मूळ अर्थाकडे परत येतो.

पात्र हे संचित असते याची साक्ष एका दुःखद घटनेने दिली आहे. नॉर्वेतील एक तरुण स्नायूंच्या असाध्य विकाराने २०१४ साली पंचविसाव्या वर्षी मरण पावला. मुलाचे आयुष्य एकाकी गेले असे आईवडिलांना वाटत होते. मृत्यूनंतर त्यांना देशोदेशींच्या माणसांची पत्रे आली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील त्याच्या पात्राने त्यांना धीर दिला होता, समजूत घातली होती. त्यांतील काही जण अंत्यविधीला येऊन उभे राहिले. त्याच्या जीवनावरील ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ आयबेलिन’ हा अनुबोधपट २०२४ साली प्रसिद्ध झाला. येथे सोंग कोणते आणि माणूस कोणता, हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे काठिण्य कलेचे नसून व्यापाराचे होते. खेळ मासिक वर्गणीवर चालत. पात्र जितके सावकाश वाढेल तितके महिने वर्गणी येत राही. पायी चालविण्यात सौंदर्यदृष्टी कोठली? हा आक्षेप खोटा नाही. परंतु कृतीचा हेतू आणि कृतीचे मूल्य या दोन गोष्टी समीक्षेने नेहमीच वेगळ्या मानल्या आहेत. मासिकांची पाने भरण्यासाठी क्रमशः लिहिलेल्या कादंबऱ्यांतही थोर कादंबऱ्या निघाल्या. शिवाय नंतरच्या काळात व्यापार उलट दिशेला गेला, आणि सुलभता हीच विक्रीची वस्तू झाली. अडचण टाळण्यासाठी पैसे मोजावेत असे खेळ आले. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ त्यांपासून वेगळे काढले. कायद्याला एवढाच भेद पुरतो. कोणते काठिण्य माणसाला घडविते आणि कोणते त्याला केवळ अडकवून ठेवते, हा भेद समीक्षेलाच करावा लागेल. पहाटेपर्यंत जागणाऱ्या तरुणाच्या आईला वाटणारी काळजी या भेदाच्या अलीकडे पडते की पलीकडे, हे प्रत्येक खेळ तपासूनच सांगता येईल. सरसकट गौरव किंवा सरसकट धिक्कार, दोन्ही आळसाचेच प्रकार होत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जेथे स्थिर संहिता नाही तेथे समीक्षा कशाची करावयाची? याचे उत्तर आपल्या नाट्येतिहासातील एका हानीत आहे. भाव्यांच्या नाटकांची पद्ये उरली. पण नटांनी आयत्या वेळी रचलेली भाषणे, म्हणजे ज्यात त्या खेळांचा जीव होता ती गोष्ट, वाऱ्यावर गेली. ती टिपून ठेवण्याजोगी आहे असे त्या वेळी कोणाला वाटले नाही. आज तेच पुन्हा घडत आहे. २००४ साली सुरू झालेला ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद करण्यात आला. पुढे तो इतर मार्गांनी परत आला खरा. पण त्या रात्री ज्यांची पात्रे मावळली त्यांचे कथन कोणी मागितले? कंपनीपाशी आज्ञावली राहते, खेळाडूपाशी आठवण राहते. आणि आठवणीला तर रंग चढतच असतो.

तेव्हा समीक्षकाचे काम आता येथून सुरू होते. बेंगळूरसारख्या शहरात चाळिशीकडे झुकलेली मराठी माणसे आहेत, ज्यांनी विशीत मध्यरात्री परमुलखातल्या मोहिमा केल्या. त्या मोहिमांविषयी ती आपापसांत मराठीतच बोलतात. ‘रेड’ला जातात, ‘गिल्ड’ सोडतात, आणि पात्र मेले की ‘गेलो’ म्हणतात. या बोलण्यात एका नव्या कथनप्रकाराचे साहित्य आहे. ते ऐकावे, लिहून घ्यावे, त्यातील रंजनाचा अंश आणि अनुभवाचा अंश पारखावा. जयराम पिंड्यांपुढे कोणत्या समस्या पडल्या हे आपण आज सांगू शकतो, कारण त्याने त्या आपल्या चंपूत नोंदवून ठेविल्या. केवळ उत्तरे उरली असती आणि समस्या हरवल्या असत्या, तर ती पद्ये किती अवघड होती हे आपल्याला कळलेच नसते.